भाईंनी चावून पाहिलेला कोबी

कोबीचं रोप चावून ओळखता येतं, हे ज्ञान मला काल संध्याकाळी मिळालं. ज्यांनी दिलं ते भाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. शेतीखात्यातून नव्हे.

भात कापून झालं की आमच्या फोंडा तालुक्यात रिकाम्या शेतात मुळा, मिरची, तांबडी भाजी लावतात. मी कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल लावायला घेतला. ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी टाकलं. अर्धी रोपं बुडाशी कुजून माना टाकून गेली, थोडी गोगलगायींनी नेली. उरलेली चार-पाच पानांची झाली, तेव्हा ऊन उतरल्यावर ४५ सेंटिमीटरचं अंतर मोजत लावत बसले होते. कंबर धरली होती. तेवढ्यात मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाई.

"काय लावतेस गो बाय?"

"कोबी, भाई."

"ही मोहरी."

"अहो, कोबी आहे. पाकीट आहे माझ्याकडे."

"पाकिटावर काय, कोणीही काहीही छापतो."

आणि चपला काढून भाई वाफ्यात उतरले. (चपला काढल्या हे मान्य. संस्कार आहेत.) नुकतंच लावलेलं एक रोप मुळासकट उपटलं, पान बर्मुड्याला पुसलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटले.

"मोहरी. तिखट लागते."

लागणारच! कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही तिन्ही एकाच जातीची, ब्रासिका ओलेरासियाची, सख्खी भावंडं. मोहरी त्यांची चुलत बहीण. झणका सगळ्या घराण्यातच आहे. हे सगळं मी सांगितलं. "असं?" म्हणून भाईंनी दुसरं उपटलं. मग तिसरं, कारण दुसरं "जरा वेगळं लागलं".

कडेला मी खरोखरच मोहरी पेरली होती, लावणीच्या १५ दिवस आधी. कोबीवर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर जास्त भुलतो, तिथेच अंडी घालतो. भाईंनी तिचंही पान खाल्लं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा बघ कोबी! आणि तू तो कडेला टाकलास?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मेरेवर उभं राहून सल्ला द्यायला गावात माणसं कधी कमी पडत नाहीत. पाण्याची एक बादली उचलताना कोणी दिसलंय? वर "बेळगावचा कोबी स्वस्त पडतो" हे ऐकवायचंच. पडतो ना. मग चोर्ला घाटात ट्रक अडकून भाव चढले की "गोव्यात कोणी काही पिकवतच नाही" म्हणून गळा काढायलाही हेच पुढे.

रात्रीपर्यंत वाडाभर झालं की मला दुकानदाराने फसवलं. नवरा भातावर हुमण ओतून घेत म्हणाला, "पण तू खात्री करून घेतलीस ना?"

आज नांग्या भरायच्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची, तर ट्रेमध्ये उरलीत फ्लॉवरची जून रोपं. जून रोप लावलं की गड्डा सुपारीएवढा धरतो आणि तिथेच थांबतो. तोही कोणीतरी येऊन चावून बघेलच.

मघाशी भाईंचा नातू पिशवी घेऊन आला. आजोबांना कुंडीत लावायला चार रोपं हवीत.

"कोणती रे?"

"कोबीची. ती कडेची."

दिली. वर ओंजळभर शेणखतही दिलं.