मॅगिकार्प जावई

माझ्या पोटच्या पोरीचे अजून दुधाचे दात पडायचेत, पण स्थळं बघून बघून मी आत्ताच दमले आहे. मुलगा कुठल्या गटातला, अंगात गुण किती, स्वभाव कसा, दागिन्यांचा खर्च कोण करणार. ऑफिसात व्हाउचर पास करता करता, लोकलमध्ये एका हाताने कडी धरून, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे, माझं हेच चाललेलं असतं. मुलीचं नाव गिबल. रंग निळा, डोक्यावर शार्कसारखा पर, उंची बेताची आणि बाकी सगळं तोंड. मोठी झाली की तिचा गार्चॉम्प होतो. तो मला हवाय.

हे सगळं पोकेएमएमओ नावाच्या ऑनलाइन गेममध्ये घडतं. पोकेमॉन निन्टेन्डोचे, पण हा गेम त्यांचा नाही. हौशी मंडळींनी तो २०१२ मध्ये सुरू केला आणि तेव्हापासून फुकट चालू आहे. जुन्या गेममधले कँटो, जोहटो, होएन, सिनोह आणि उनोव्हा हे पाचही प्रदेश यात एकत्र आहेत आणि जगभरचे लोक एकाच वेळी त्यांत फिरत असतात. मात्र जुन्या गेमच्या फाइल्स ज्याच्या त्याने पैदा करून घालायच्या, गेमवाले देत नाहीत. म्हणजे कार्य त्यांचं, मांडव त्यांचा, पण वऱ्हाडाने आपापली ताटवाटी घरून आणायची. वकिलाच्या नजरेने बघितलं तर यात शहाणपण आहे म्हणतात.

मला यात ओढलं माझ्या भाच्याने. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला वेळ असतो. मला वाटलं होतं लहानपणची मजा परत येईल. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन लागायला लागलं तेव्हा मी शाळेत होते. त्यात सगळं सुटसुटीत होतं. प्राणी दिसला की पकडायचा, बॉलमध्ये ठेवायचा, भांडणाच्या वेळी बाहेर काढायचा. त्याचा बाप कोण, हे कुणी विचारत नव्हतं.

इथे सगळ्यात आधी तेच विचारतात. प्रत्येक मॉनच्या, म्हणजे पोकेमॉनच्या, अंगात सहा गुण: एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. त्या प्रत्येकात जन्माच्या वेळी ० ते ३१ असा आकडा पडतो, त्याला आयव्ही म्हणतात. तो पुढे कितीही व्यायाम केला तरी हलत नाही. आपल्याकडे ३६ पैकी १८ गुण जुळले की गुरुजी मान डोलावतात. इथे एका गुणात ३१ पैकी ३० पडले तरी भाचा म्हणतो, ‘मावशी, सोडून दे जंगलात.’

गार्चॉम्पच्या बाबतीत त्याचं अगदीच चूक नाही. गार्चॉम्पचा मूळ वेग १०२. मूळ वेग बरोबर १०० असलेल्यांची तर गर्दी आहे, आणि त्या दोन पॉइंटांच्या जोरावर हा त्या सगळ्यांच्या आधी वार करतो. वेगात आयव्ही कमी पडला की ते दोन पॉइंट जागच्या जागी जिरतात. मग ज्याच्या नुसत्या नावाने लोक टरकतात असा ड्रॅगन रांगेत दुसरा उभा राहतो आणि पहिल्याकडून आइस बीम खातो. बर्फाचा मार याला चौपट लागतो. एका फटक्यात विषय संपतो.

तर पाच गुणांत पूर्ण ३१ हवे असतील (स्पेशल अटॅक गार्चॉम्पला लागत नाही, तो माफ), तर सुरुवात सोळा जणांपासून करायची. प्रत्येकाच्या एकेका गुणात ३१. पहिल्या पिढीत आठ लग्नं, दुसरीत चार, तिसरीत दोन आणि शेवटी एक. एका गार्चॉम्पपायी पंधरा कार्यं. आमच्या सात पिढ्यांत एका घराने एवढी कार्यं काढली नसतील.

बरं, कुणाचंही कुणाशी जमत नाही. प्रत्येक मॉनचा एग ग्रुप असतो, कुणाकुणाचे दोन असतात. आपल्याकडे सगोत्र चालत नाही, इथे गोत्र जुळल्याशिवाय चालत नाही. गिबल मॉन्स्टर आणि ड्रॅगन या दोन्हींत मोडते. मूल आईच्या जातीचं निघतं, त्यामुळे मुलगी गिबलच हवी, जावई मात्र गोत्रातला कुणीही चालतो. पुढच्या पिढीत मुलगी पाहिजे की मुलगा तेही ठरवता येतं, त्याचे ५,००० वेगळे. खऱ्या जगात यासाठी तुरुंगात टाकतात, इथे पावती मिळते.

मग दागिने. नवरा-नवरी दोघांच्याही अंगावर एकेक हवाच. पॉवर वेट, पॉवर ब्रेसर, पॉवर बेल्ट, पॉवर लेन्स, पॉवर बँड, पॉवर अँकलेट. ज्याचा जो गुण मुलात उतरायला हवा, त्याने त्या गुणाचा दागिना घालायचा. एकेकाची किंमत १०,००० पोकेयेन, म्हणजे गेममधले पैसे, आणि तो एकदाच वापरायचा. मी अकाउंट्समध्ये असल्यामुळे न विचारता हिशोब करते: पंधरा लग्नं, प्रत्येकी दोन दागिने, तीन लाख. यात मुलामुलींची किंमत नाही, जेवणावळ नाही, काही नाही.

आणि लग्न लागल्याबरोबर नवरा-नवरी नाहीसे होतात. अंगावरच्या दागिन्यांसकट. मागे उरतं एक अंडं.

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी फोन बंद करून चालू केला. भाचा म्हणाला, ‘असंच असतं मावशी.’ निन्टेन्डोच्या गेममध्ये तेच जोडपं पाळणाघरात ठेवून सुखाने वाटेल तितकी अंडी घेता येतात, कारण तिथे आपण आणि आपलं मशीन. इथे हजारो लोकांचा एकच बाजार. तशीच अंडी इथे निघू दिली तर महिन्याभरात चांगला गार्चॉम्प कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फुकट मिळेल. म्हणून दोन द्या, एक घ्या. रंग वेगळा असलेल्या शायनी मॉनचंही तेच. जुन्या मूळ गेममध्ये तो ८,१९२ मध्ये एक निघायचा, नव्यांत तर ४,०९६ मध्ये एक. इथे ३०,००० मध्ये एक. अर्थशास्त्र मला पटतं. तरी ज्या गिबलला मी वेवर्ड गुहेत झुबॅट नावाच्या वटवाघळांच्या चाव्यातून शोधून आणलं, जिला नाव ठेवलं, ती मंगलाष्टकं संपता संपता हवेत विरून जाते तेव्हा घशात काहीतरी येतं. हल्ली मी नावं ठेवत नाही.

पैसा कमवायचे मार्ग आहेत. त्यातला बिनधोक म्हणजे शेती. बियाणं घ्यायचं, वाफ्यात पेरायचं, बेरी पिकवायच्या आणि जीटीएलवर, म्हणजे तिथल्या बाजारात, विकायच्या. मी लेप्पा लावते. पाणी चुकलं की पीक कमी, काढणीला उशीर झाला की झाडच वाळून जातं. हे सगळं खऱ्या घड्याळावर चालतं, त्यामुळे मी पहाटे गजर लावून उठते. नवऱ्याला आधी वाटलं मी योगासनं सुरू केली. कळलं तेव्हा तो उशीत तोंड घालून म्हणाला, ‘गावची दीड एकर वाट्याने दिलीय. तिथे कधी पाणी सोडायला गेलीस का?’ गावची जमीन त्याच्या वडिलांची आहे, त्यामुळे मी गप्प बसले आणि दुसरा वाफा भिजवला.

लोकलमधल्या आमच्या ग्रुपला माहीत आहे. पण एकदा शेजारी बसलेल्या नव्या काकूंनी भाजी निवडता निवडता माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, ‘ही पाल आहे का?’

‘नाही, ड्रॅगन आहे. लहान आहे अजून.’

‘असं होय,’ म्हणून त्यांनी मेथीची आणखी चार पानं खुडली. ‘मग एवढं काय लिहिताय?’

‘हिच्यासाठी मुलगा बघतेय. स्पीडमध्ये एकतीसवाला.’

‘एकतीस म्हणजे घोडनवराच की,’ काकू म्हणाल्या आणि घाटकोपरला उतरून गेल्या.

घरी प्रश्न निराळा. आमच्याकडे अंडं येत नाही. सासूबाई केकसुद्धा डब्यावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. अशा घरात मी एका संध्याकाळी फोनवर भाच्याला सांगत होते, ‘चार अंडी आहेत रे माझ्याकडे, पण ठेवायला जागाच नाही.’ मागे ताट पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर दोन दिवस आई फ्रिज उघडायच्या, सगळे डबे हलवून बघायच्या आणि काही न बोलता बंद करायच्या. शेवटी स्क्रीन दाखवून खुलासा केला, तर म्हणाल्या, ‘चित्रातलं असलं तरी ते अंडंच ना?’ आई एकट्याच नाहीत असं म्हणणाऱ्या. २०१६ मध्ये पोकेमॉन गोची अंडी देवळांच्या जागी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. आईंना हे सांगायचं मी टाळलं, उगाच वकील शोधायला लागल्या असत्या.

पंधरावं लग्न एका शनिवारी रात्री लागलं. अंडं फुटलं. पाच गुणांत ३१, ३१, ३१, ३१, ३१. मी स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला.

‘नेचर काय आलं?’

नेचर म्हणजे स्वभाव. तो पंचवीस प्रकारचा असतो. बहुतेक स्वभाव कुठला तरी एक गुण वाढवतात, दुसरा कमी करतात. मला जॉली हवा होता, वेग वाढवणारा. आला होता क्वाएट, म्हणजे वेग कमी करणारा आणि वाढवणारा काय, तर माफ केलेला तो स्पेशल अटॅक. तीन लाखांचे दागिने घालून घराण्याने शांत मुलगा जन्माला घातला होता. स्वभाव हमखास उतरायला आई-बापांपैकी एकाने दागिन्याऐवजी एव्हरस्टोन नावाचा दगड धरून बसावं लागतं, आणि त्यापायी लग्नांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. हे भाच्याने मला आता सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे, ‘मला वाटलं तू गंमत म्हणून खेळतेयस.’

नवऱ्याने एक प्रश्न रास्त विचारला: हा अनधिकृत गेम उद्या बंद पडला तर? पडू शकतो. पोकेमॉन युरेनियम नावाचा चाहत्यांचा गेम दोघांनी मिळून नऊ वर्षं खपून केला. ऑगस्ट २०१६ मध्ये तो बाहेर आला, पंधरा लाखांवर लोकांनी उतरवून घेतला आणि निन्टेन्डोच्या वकिलांच्या नोटिशी आल्यावर काही दिवसांत करणाऱ्यांनी लिंक काढून टाकल्या. त्याच डिसेंबरमध्ये प्रिझम नावाचा आणखी एक, आठ वर्षं रखडत केलेला, प्रकाशनाला चार दिवस राहिले असताना नोटीस येऊन थांबला. आमचा इतकी वर्षं टिकलाय, पण तो कुणाच्या तरी दुर्लक्षावर टिकलाय. मी नवऱ्याला म्हटलं, ‘म्हणून तर घाई चाललीय.’ मुहूर्त टळू नये एवढंच आपल्या हातात असतं.

दुसऱ्या फेरीला मात्र हातात दमडी नव्हती. वेगात ३१ असलेला गिबल जीटीएलवर बघायचा आणि पुढच्या पानावर जायचं. भाच्यानेच तोड काढली. ‘गोत्र बघ ना मावशी. ड्रॅगन ग्रुपमध्ये मॅगिकार्प पण येतो.’

मॅगिकार्प म्हणजे लाल मासा. गळ टाकला की बाकी काही लागो न लागो, हा लागतो. त्याची मुख्य विद्या एकच, स्प्लॅश, म्हणजे पाण्याबाहेर फडफडणे, आणि तिने समोरच्याचं काडीचंही नुकसान होत नाही. पण वेगात ३१ असलेला मॅगिकार्प कांद्याच्या भावात मिळत होता. मी एक घेतला. जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभी राहून त्याच्या गळ्यात अँकलेट अडकवत होते, तेवढ्यात पाण्याचा तांब्या भरायला आई आल्या. अंड्यांचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण ‘स्थळ’ हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून ऐकला होता.

‘मुलगा काय करतो?’

‘फडफडतो.’

‘आणखी?’

‘सध्या एवढंच. पण विसाव्या लेव्हलला त्याचा ग्यारॅडॉस होतो, आई. केवढा मोठा, नुसता आग ओकतो.’

‘सगळ्यांच्या आया तसंच सांगतात,’ आई म्हणाल्या. तांब्या खाली ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि फोन माझ्या हातून घेतला. ‘मुलगी कुठेय?’

मी गिबल दाखवली. आईंनी ते तोंड बराच वेळ बघितलं.

‘मग चालेल तो,’ म्हणाल्या.