कांदा, दूध आणि जावई

सासूबाई निफाडच्या. कांद्याच्या बाबतीत त्यांच्यासमोर लासलगावचा व्यापारीसुद्धा जपून बोलेल. मी बोललो. त्या पहिल्यांदाच पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे आल्या होत्या आणि मला जावई म्हणून काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होती.

आदल्या शनिवारी त्यांना लँकेस्टरकडची अमिश लोकांची, म्हणजे जुन्या वळणाने राहणाऱ्या एका ख्रिश्चन पंथाची, शेतं दाखवायला नेलं होतं. काळ्या घोडागाड्या, दोरीवर वाळणारे एकरंगी कपडे. हे लोक घरात तारेची वीज घेत नाहीत, स्वयंपाक प्रोपेन गॅसवर नाहीतर लाकडावर करतात, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “बरंय की. लोडशेडिंगची कटकट नाही.” तिथल्याच एका दुकानातून मी पाककृतींचं पुस्तक उचललं. कांद्याच्या फ्रिटर्सची, म्हणजे त्यांच्याकडच्या भज्यांची, कृती जेमतेम अर्धं पान: पाऊण कप मैदा, पाऊण कप दूध, 2 चमचे बेकिंग पावडर, एक मोठा चमचा साखर, तेवढंच मक्याचं पीठ, मीठ आणि अडीच कप बारीक चिरलेला कांदा. यात चुकायला जागाच कुठे आहे, असं मला वाटलं.

जावयाला नावं ठेवायची नाहीत ही रीत सासूबाई कटाक्षाने पाळतात. त्यामुळे त्या संध्याकाळी त्या जे काही बोलल्या ते कांद्याला, नाहीतर लेकीला.

मी इथला गोडा कांदा चिरला. डोळ्यांत टिपूस नाही. त्यांनी एक फोड उचलून हुंगली आणि कांद्याला म्हणाल्या, “रडवत नाहीस, मग तू कांदा कसला रे?” मैद्यात दूध ओतलं तेव्हा लेकीकडे वळल्या. “अगं, कांद्यात दूध घालतात का गं इकडे? नाही, मी आपलं विचारलं.” साखर पडली तेव्हा मात्र त्या बाहेर जाऊन सोफ्यावर बसल्या.

पहिला घाणा. उत्साहात एकदम आठ गोळे सोडले. तेल थंड पडलं आणि फ्रिटर्स ते निवांत पीत बसले. वर काढले तर पिळून दिवा लावता आला असता. “मऊ झालेत,” सासूबाई म्हणाल्या. “दातांना त्रास नाही.”

मग मी आच वाढवली. आमची शेगडी विजेची. तिचं वेटोळं तापायला वेळ घेतं आणि बटण बंद केलं तरी धुमसत राहतं. दुसरा घाणा मिनिटभरात काळा झाला, दूध-साखरेमुळे आणखीच लवकर, आणि आतला कांदा कच्चाच. एवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा कोकलला. आमच्या घरातले भोंगे एकमेकांना जोडलेले आहेत. एक रडला की बाकीचे पोरांसारखे सूर धरतात. बायकोने ऐन जानेवारीत खिडक्या सताड उघडल्या, मी स्टुलावर चढून टॉवेल फिरवत होतो, आणि सासूबाई पासपोर्टची पिशवी छातीशी धरून दारात उभ्या.

तिसऱ्या घाण्याला अक्कल आली. तेलात थर्मामीटर घातला, 190 अंशांवर धरून ठेवला. एका वेळी तीनच सोडले आणि चमच्याच्या पाठीने दाबून चपटे केले. सगळी मेख त्या दाबण्यात होती. गोळा ठेवला की आत शिरा, चपटा केला की कडेला जाळी. तोंडात टाकला तर चक्क कुर्रर्र वाजला!

सासूबाईंनी पहिला खाल्ला. काही बोलल्या नाहीत. दुसरा खाल्ला. चौथ्याला हात घालताना लेकीला म्हणाल्या, “ओवा असता तर...” आणि माझ्याकडे बघून वाक्य गिळलं.

रात्री निफाडला बहिणीला फोन लावला. तिकडे पहाट. मी दाराआड कान देऊन उभा.

“हो, जावयांनी स्वतः केली. त्या घोडागाडीवाल्यांची भजी... नाही गं, आपल्याकडे आहे लाईट. तळायला घेतलं की बोंबलते.”