म्हातारचळ नव्हे: शोमध्ये तापणाऱ्या वयस्क घोड्याबद्दलच्या एका मजकुराला उत्तर

घोडेस्वारांमध्ये एक मजकूर सतत इकडून तिकडे फिरत असतो. खाली नाव कुणाचंच नसतं, आवाज मात्र कसलेल्या उस्तादाचा. सांगणं थोडक्यात असं: पंधरा-वीस वर्षांचा घोडा शोमध्ये, म्हणजे घोड्यांच्या स्पर्धेत, नाचत असेल, लगाम ओढत असेल, तर ती भीती नव्हे, म्हातारचळ. रिंगमध्ये जाण्याआधी तासभर लंजिंग करून, म्हणजे लांब दोरीवर गोल पळवून, त्याची मस्ती उतरवा. कडक बिट (लगामाचा तोंडात बसणारा दांडा) आणि घट्ट नोजबँड (नाकावरून जबड्याभोवती बांधायचा पट्टा) घाला. सकाळची चंदी-वैरण तोडा, शांत करणारी पावडर द्या. लगाम आखूड धरा, इतर घोड्यांपासून लांब ठेवा. तरीही सुधारला नाही, तर जित्याची खोड समजून विकून टाका.

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत. बाकीच्यांनी घोडा आणखी तापतो, म्हणजे उत्तेजित होतो. शिवाय वय झालेल्या घोड्याला दुखापत होण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

“इतके शो बघितलेला घोडा घाबरत नाही, नाटकं करतो.”

इतके शो बघितलेत म्हणूनच तो तापत असेल, ही शक्यता मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातच आलेली दिसत नाही. भल्या पहाटे खरारा, आयाळीच्या वेण्या, गाडीचा रॅम्प, लाउडस्पीकर: ही साखळी अनुभवी घोड्याला पाठ असते, आणि तिच्या शेवटी सगळ्यांबरोबरची दौड आहे हेही. पागेत गरीब गाय असलेला घोडा गाडीतून उतरतानाच घामाघूम असतो, तो बहुतेक वेळा घाबरलेला नसतो. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे त्याचं शरीर आधीच तयारीला लागलेलं असतं.

नाटक हे निदान चुकीचं आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी नीट बघा. कान पुढे टवकारून, हाताशी ओढ घेत, दुडक्या टाकत पुढे जाऊ पाहणारा घोडा उतावीळ आहे. एकाच वस्तूकडे मान उंच करून टक लावणारा, फुरफुरणारा, गर्रकन वळून पळू पाहणारा घोडा घाबरलाय. आणि शेपटी सतत आपटणारा, कान मागे पाडणारा, तोंड उघडणारा, एकाच बाजूच्या कँटरला (मध्यम दौडीच्या चालीला) बिघडणारा घोडा बहुधा दुखतंय म्हणून सांगतोय. तिघेही बाहेरून “नाचणारे”च दिसतात, उपाय मात्र तिघांचे तीन.

तिसऱ्या शक्यतेवर जरा थांबतो, कारण वयस्क घोड्यांत तीच सर्वांत जास्त निसटते. पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये स्वार पाठीवर असताना घोडा दाखवतो अशा 24 वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. त्यातली आठ किंवा अधिक दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. यादीतल्या कितीतरी गोष्टी आपण खुशाल “मस्ती” म्हणून सोडून देतो. पंधराच्या पुढच्या घोड्याचे सांधे झिजलेले असू शकतात. पाठीचे स्नायू उतरल्यामुळे पाच वर्षांपूर्वी चपखल बसणारं खोगीर आता खांद्यावर टेकत असेल. डोळ्यांचंही तेच. घोड्याला जवळजवळ 350 अंशांत दिसतं, पण वाढत्या वयात मोतीबिंदू आणि पडद्यातले बदल होतात, आणि लख्ख उन्हातून छताखालच्या रिंगणात शिरताना त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दारातच बुजणाऱ्या घोड्याला त्या क्षणी आतलं काही धड दिसतच नसेल.

म्हणून पहिला प्रश्न असा: हा पूर्वीपासून असा आहे, की गेल्या एक-दोन हंगामांत बदललाय? बदलला असेल तर आधी पशुवैद्य, मग दात, मग खोगीर. प्रशिक्षण त्यानंतर.

“तासभर लंजिंग करा, मस्ती आपोआप उतरेल.”

हा सल्ला इतका सर्वमान्य आहे, की त्याविरुद्ध बोललं तर लोक चमकून बघतात. घोडा म्हणजे भरलेली टाकी, ती रिकामी केली की शांत होईल, असा त्यामागचा हिशेब. पण उत्तेजित घोड्याचं शरीर असं चालत नाही. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. घोडा उत्तेजित झाला, की प्लीहा आकुंचन पावून त्या पेशी रक्तात सोडते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. म्हणजे तापलेल्या घोड्याला गोल पळवताना आपण त्याला दमवत नसतो, पळण्यासाठी सज्ज झालेल्या शरीराला हवं तेच देत असतो. शिवाय दर शोआधी तासभर पळणारा घोडा हंगामाअखेर अधिक तंदुरुस्त होतो. मग तास पुरत नाही, दीड लागतो.

तोवर सांध्यांचं काय? लहान वर्तुळात घोडा आत झुकून धावतो आणि पायांवरचा भार असमान पडतो. तरण्या घोड्याला ते काही काळ चालून जातं, संधिवाताच्या घोड्याला नाही. वय वाढलं की शरीर थंड ठेवण्याची क्षमताही घटते, त्यामुळे उकाड्यात हा सल्ला आणखी वाईट. आणि दमवून “शांत” केलेला घोडा रिंगमध्ये पाय ओढतो, ठेचकाळतो. परीक्षकाला शांत घोडा हवा असतो, थकलेला नव्हे, आणि त्यातला फरक त्याला कळतो.

लंजिंग पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंनी, पाच-दहा मिनिटं, आज पाय मोकळे पडताहेत का ते बघण्यासाठी आणि आवाजाच्या आज्ञांची आठवण करून देण्यासाठी ते उत्तम आहे. घोड्याचा वेग तिथे वाढत चालला, की थांबा.

त्या तासात काय करायचं मग? लवकर पोहोचा आणि घोड्याला हातात धरून पायी फिरवा. त्याला बघू द्या, उभं राहू द्या, गवत खाऊ द्या. खांद्यांच्या उंचवट्यापाशी, मानेच्या बुडाशी खाजवा. घोडे एकमेकांना जिथे खाजवतात त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात, हे 1993 सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. मानेवर धपाधप थापा मारणं ही आपली हौस आहे, घोड्याची नव्हे.

“कडक बिट आणि घट्ट नोजबँड, म्हणजे ताबा हातात.”

बिटचा दाब जिभेवर आणि खालच्या जबड्याच्या दातविरहित भागावर येतो, तिथे हाडावर फक्त पातळ कातडी. वयस्क घोड्याच्या तोंडात त्यात झिजलेले, धार आलेले, कधी हलणारे दात, आणि पुढच्या दातांची मुळं झिजवणारा एक वेदनादायी आजार याच वयात दिसतो. दुखलं की पळ, हा घोड्याचा जन्मजात न्याय. ओढणाऱ्या घोड्याला जास्त दुखवलं तर तो जास्त ओढेल, किंवा मागच्या पायांवर उभा राहील.

नोजबँडबद्दल आकडेच सांगतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पर्धांमधले 750 घोडे तपासले. दोन बोटं जातील इतका सैल पट्टा फक्त 7 टक्क्यांचा होता, आणि 44 टक्क्यांच्या पट्ट्याखाली एकही बोट जात नव्हतं. इतकी आवळाआवळ असूनही शोमधले घोडे शांत झालेले कुणाला दिसलेत का? घट्ट पट्टा उघडणारं तोंड बंद करतो, म्हणजे तक्रार दिसेनाशी होते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने आता घट्टपणा मोजायचं साधनच वापरात आणलंय.

एक गोष्ट मान्य. उघड्या मैदानावर दौड असेल आणि स्वाराचा हात मऊ असेल, तर थोडं जास्त परिणामकारक बिट सुरक्षिततेसाठी वापरणं चूक नाही. पण ते घरी सरावात वापरून पाहिलेलं असावं, शोच्या सकाळी उसनं आणलेलं नव्हे.

“चंदी-वैरण तोडा, पावडर द्या.”

चंदीचा अर्धा भाग खरा आहे: कामाच्या मानाने धान्य जास्त झालं तर घोडा तापतो. ते आठवडाभराच्या खुराकात कमी करा. वैरण तोडणं मात्र शुद्ध अज्ञान. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं. रिकाम्या पोटी ट्रॉट (दुडकी चाल) किंवा कँटर केला, की पोटावरच्या दाबाने ते जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळतं. स्पर्धेच्या घोड्यांत अल्सर सर्रास आढळतात. गाडीत आणि स्वारीच्या थोडं आधीही मूठ-दोन मूठ गवत हवंच.

पावडरींबद्दल: बहुतेकींमागे भक्कम पुरावा नाही, आणि “नैसर्गिक” लिहिलं म्हणजे नियमात बसतं असंही नाही. व्हॅलेरियन या वनस्पतीमधला घटक महासंघाच्या प्रतिबंधित पदार्थांच्या यादीत आहे. एसप्रोमॅझिन, रेसर्पिन या गुंगी आणणाऱ्या औषधांची तर गोष्टच सोडा. नमुना सापडला तर जबाबदारी दुकानदाराची नसते, स्वाराची असते. शिवाय गुंगीतला घोडा अडखळतो तेव्हा पाठीवर तुम्ही असता.

“लगाम आखूड धरा, इतरांपासून लांब ठेवा.”

हा कळपाचा प्राणी. एकट्याला कोपऱ्यात उभं केलं तर तो इतरांना शोधत ओरडत राहतो. ओळखीचा एखादा थंड डोक्याचा घोडा शेजारी असणं कितीतरी बरं. आणि सतत आवळलेल्या लगामाला सोडणंच नसतं, त्यामुळे घोड्याला त्यातून काही शिकता येत नाही. दाब द्या, प्रतिसाद मिळताच सोडा, पुन्हा मागा.

वॉर्म-अपमध्ये सरळ रेषेत लांब कँटर टाळा, तो तिथेच पेटतो. चाल आणि ट्रॉट यांत दर काही पावलांनी बदल, सर्पिल वळणं, खांदा आत घेणं, पायाच्या दाबावर आडवं सरकणं: मेंदूला काम मिळालं की पाय ऐकतात. वेग वाढायच्या आधी वर्तुळ घ्या, वाढल्यावर नव्हे. गटात फिरताना कोपऱ्यात खोलवर जा, मागून येणाऱ्यांना जाऊ द्या, स्वतःची जागा मोकळी ठेवा. ओळीत उभं असताना पुढच्यांच्या दौडी बघून तो उकळत असेल, तर जागच्या जागी खाजवा, मान किंचित वळवायला लावा, परवानगी असेल तर एक छोटं वर्तुळ चाला.

स्वाराचं मन हाही भाग आहे. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी स्वारांना सांगितलं, की चौथ्या फेरीला शेजारी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या आणि घोड्यांच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. “आता नाचणार” म्हणून तुम्ही श्वास रोखून मांड्या आवळल्या, की घोड्यापर्यंत निरोप पोहोचतो. श्वास सोडा, मोठ्याने आकडे मोजा, गाणं म्हणा. वेडगळ दिसेल, दिसू द्या.

“जित्याची खोड, विकून टाका.”

जी साखळी शिकली गेली ती मोडताही येते, पण सावकाश. काही शोंना घोडा नुसता न्या: गाडीतून उतरवा, फिरवा, चरू द्या, परत आणा. वेण्या न घालता. मग एकदा स्वारी, पण रिंगमध्ये नाही. मग एखादी साधी स्पर्धा, तीही पहिल्या दौडीआधी परीक्षकाची परवानगी घेऊन बाहेर पडून. दरवेळी रॅम्पनंतर दौड येतेच असं नाही, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत.

आणि ते जमलं नाही, तर प्रकार बदला. गटाच्या दौडीत पेटणारा घोडा एकट्याने करायच्या कसरतीत कित्येकदा सुरेख काम करतो. हातात धरून दाखवण्याच्या स्पर्धा आहेत, अनेक ठिकाणी पंधरा वर्षांवरच्या घोड्यांसाठी वेगळे वर्ग आहेत. अशा वर्गातही चाल, ट्रॉट आणि शेवटी दौड असा क्रम असेल, तर प्रवेशअर्ज भरण्याआधी आयोजकांना दौड सक्तीची आहे का ते विचारून घ्या.