डॉक्टर, हा 'धातू जाण्या'चा पेशंट नाही

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: 'पॉइस', म्हणजे कामपूर्तीनंतर काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होऊन दोन ते सात दिवस टिकणारं आजारपण, यावर मी लिहिलं होतं. पेशंटनीच पैसे जमवून त्यावरच्या संशोधनाला चालना दिली, हेही लिहिलं होतं. चाळीस वर्षं सांगलीत प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की हा आपला जुना 'धातू जाण्या'चा, म्हणजे वीर्य गेल्याने माणूस खंगतो हा, समज नवं नाव घेऊन आलाय, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून जी भीती काढायला जन्म घालवला, तीच मी तरुण मुलांच्या डोक्यात परत घालतोय. आणि पेशंटच्या पैशावर चाललेलं संशोधन पेशंटला हवं तेच सांगणार.

आधी माझी चूक. 'स्वतःच्याच वीर्याची ॲलर्जी' असं मी ठामपणे लिहिलं होतं. ते सिद्ध झालेलं नाही. नेदरलँड्समधल्या मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइट्झर यांनी २००२ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढे २०११ मध्ये वाल्डिंगर यांच्या गटाने ४५ पुरुषांचा अभ्यास केला. त्यातल्या ३३ जणांनी स्वतःचं वीर्य अगदी पातळ करून कातडीत टोचून घेतलं आणि २९ जणांच्या कातडीवर प्रतिक्रिया उठली. मी त्या आकड्यावर भाळलो. तुलनेसाठी निरोगी पुरुषांना तीच सुई टोचून पाहिलेली नव्हती, हे मी लिहायला हवं होतं. दोघांना त्याच वीर्याचे हळूहळू वाढवत नेलेले डोस दिले, एकाला ३१ महिने, दुसऱ्याला १५ महिने, आणि त्रास अनुक्रमे ६० आणि ९० टक्के कमी झाला. पण ती माणसं दोनच. २०१५ मध्ये एका चिनी रुग्णावरचा अभ्यास आला, त्यात आयजीईच्या (ॲलर्जीत शरीर तयार करतं त्या प्रतिपिंडाच्या) मार्गाने होणाऱ्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. शिवाय थोड्या का होईना, स्त्रियांमध्येही असा त्रास नोंदला गेलाय. तिथे वीर्याचा सिद्धांत लागू कसा करायचा? प्रतिकारशक्तीचा हात असावा असा संशय आहे, आणि तो संशयच आहे. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.

आता धातूचं. तुमच्या दवाखान्यात येणारी मुलं मीही पाहिली आहेत, गावातल्या मित्रांमध्ये. लघवीतून काहीतरी जातंय, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, कंबर गेली, लग्न कसं करू. तिथे भीती आधी असते आणि अशक्तपणा तिच्या मागून येतो, तो महिनोन्‌महिने हलत नाही. कर्वे ज्याच्याशी भांडले ते हेच. पण माझ्या लेखानंतर एका वाचकाने त्याच्या वहीचं पान पाठवलं, त्याच्या परवानगीने इथे देतो.

'शुक्रवार रात्री ११. सव्वाअकराला नाक गळायला लागलं, डोळे चुरचुरतात. शनिवार: अंग मोडून आलंय, उन्हात चादर घेऊन बसलो. रविवार: बायकोने काय आणायला सांगितलं ते जिन्यात विसरलो. सोमवार: ऑफिस. बोलताना शब्द सापडत नाहीत. मंगळवार दुपार: डोकं मोकळं.'

मंगळवार दुपारनंतर हा माणूस ठणठणीत असतो. डोंगर चढतो. त्याच्या मनात पापाची भावना नाही, लग्नाला सहा वर्षं झालीत. शुक्रवार निवडतो तो सोमवारची रजा वाचावी म्हणून. बायकोला बरीच वर्षं वाटत होतं, की हा आपल्याला टाळतो. दोन डॉक्टरांनी त्याला पूर्ण ऐकून न घेताच 'मन दुसरीकडे गुंतवा' असं सांगितलं, कारण पहिलंच वाक्य त्यांना ओळखीचं वाटलं. माझा मुद्दा हा आहे, डॉक्टर. धातूच्या समजाने निरोगी मुलांना आजारी ठरवलं, हे तुम्ही म्हणता ते खरंच. पण त्याच समजाच्या सावलीत खरा आजारी माणूसही दिसेनासा होतो. वाल्डिंगर यांच्या अभ्यासात ८७ टक्के पुरुषांचा त्रास अर्ध्या तासाच्या आत सुरू झाला होता. असा घड्याळ लावून येणारा आणि आपोआप जाणारा त्रास नुसता 'मनाचा' म्हणून सोडून द्यायचा?

पैशाचा आक्षेप मला मान्य नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये दुर्मिळ आजारांच्या औषधांसाठीचा कायदा झाला, तो रेटून धरणाऱ्या रुग्ण-कुटुंबांमधूनच 'नॉर्ड' ही दुर्मिळ आजारांसाठीची संघटना उभी राहिली. तिथे एका आजाराच्या नावाने निधी साठवता येतो. पॉइसच्या पेशंटनी तो साठवला. रक्कम पुरेशी झाली की संशोधकांकडून प्रस्ताव मागवतात आणि निवड तज्ज्ञांची समिती करते. देणगीदार फक्त आजार ठरवतो. पेशंट इतके थोडे, की कोणत्या औषध कंपनीला यात नफा दिसणार? त्यांनी पैसे घातले नसते तर कुणी घातले असते, हे मला सांगा.

आणि पेशंटच्या पुढाकाराने खरं संशोधन होतं का म्हणाल, तर शॅरन आणि पॅट्रिक टेरी या अमेरिकन जोडप्याचं उदाहरण पाहा. १९९४ च्या डिसेंबरात त्यांच्या दोन मुलांना पीएक्सई या त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम करणाऱ्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचं निदान झालं. आई धर्मशास्त्र शिकलेली, बाप बांधकामाच्या कामातला. दोघे रात्री उसन्या घेतलेल्या प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभं राहून काम शिकले, जगभरच्या कुटुंबांकडून रक्ताचे नमुने गोळा केले. २००० मध्ये त्या आजाराचं जनुक सापडलं. ते काम शास्त्रज्ञांसोबतच झालं, पण नमुने एका जागी आणले ते आईबापांनी. ही गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आजही.

पॉइसमध्ये अजून तसं काही हाती लागलेलं नाही. म्हणून तर वह्या लागतात, तारखेसकट, वेळेसकट.

तुम्हाला एक विनंती आहे. चाळीस वर्षांत 'धातू जातो' म्हणून आलेल्यांपैकी कुणी, त्या रात्रीनंतर नाक गळतं, डोळे खाजतात, दोन-तीन दिवस बोलणं अडखळतं, असं सांगितलं होतं का? तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नसेल. आठवलं तर लिहा. नाव-गाव नको, फक्त किती वेळाने सुरू व्हायचं आणि किती दिवसांनी थांबायचं, एवढंच.