काडी ओढण्याआधी: ‘राख हेच खत’ या संदेशाला उत्तर

‘पीक निघालं की काड, पाचट, धसकटं रानातच पेटवा. राखेत सगळं अन्नद्रव्य उरतं, किडी-रोग मरतात, तणाचं बी जळतं. काड गाडलं तर उलट पीक पिवळं पडतं. जुनी माणसं हेच करत आली.’ हा संदेश सगळीकडे फिरतोय. काल मामांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘पेटवू ना?’ नाही मामा, पेटवू नका. कारणं सांगतो.

‘राखेत सगळं उरतं.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. भाताच्या एक टन पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र (नायट्रोजन), १४ ते २० किलो पालाश (पोटॅश), थोडं स्फुरद (फॉस्फरस), थोडं गंधक आणि जवळपास ४०० किलो कार्बन असतो. डोबरमन आणि फेअरहर्स्ट या अभ्यासकांनी २००२ साली पेंढ्याच्या व्यवस्थापनावर लिहिताना जाळण्यातलं नुकसान मांडलं आहे: नत्र जवळजवळ सगळं, स्फुरद सुमारे २५ टक्के, पालाश २० टक्के, गंधक ५ ते ६० टक्के. नत्राचा ज्वाळेत वायू होतो, तो राखेत सापडणारच नाही. म्हणजे ज्या अन्नद्रव्यासाठी आपण युरियाची गोणी आणतो, तेच आधी धुरात सोडायचं!

पालाश आणि चुना राखेत बऱ्यापैकी उरतात, हे मान्य. आम्ल जमिनीत राखेने आम्लता कमी होते, हेही मान्य. पण राखेतलं पालाश पाण्यात लगेच विरघळतं. उघड्या रानावरची राख थोडी वारा नेतो, थोडी पहिला जोराचा पाऊस. ढीग घालून पेटवलं असेल तर ती चार जागीच साचते. तिथे पीक तरारतं, बाकीचं रान कोरडंच. आणि सामू (पीएच) आधीच ८च्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत राख म्हणजे दुखण्यात भर, कारण लोह आणि जस्त मुळांना आणखी दुर्मिळ होतात.

‘काड कुजतानाही कार्बन हवेतच जातो की,’ असा युक्तिवादही कुणीतरी जोडलाय. जातो, बराचसा जातो. पण जाता जाता तो जिवाणू, बुरशी आणि गांडुळांना पोसतो. त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण रव्यासारखे बांधले जातात, त्या रव्यांमधून पाणी मुरतं. जाळलेल्या रानावर पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो, कण फुटतात, वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो.

‘किडी-रोग मरतात.’ काडाची आग भरकन पुढे सरकते. जमीन तापते ती वरच्या थरापुरती. हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि मातीत काही इंच खाली कोषात गेलेल्या अळ्या शाबूत राहतात. मरतात ते वर फिरणारे कोळी आणि किडी खाणारे भुंगेरे. धसकटात लपलेला खोडकिडा काही प्रमाणात मरतो, एवढं खरं. पण म्हणून अख्खं रान पेटवायचं कारण नाही. रोगट पट्टा वेगळा काढा, ओला करून ढीग रचा, आतली उष्णता काही दिवस ५५ अंशांवर राहू द्या आणि ढीग दोन-तीनदा उलटा, म्हणजे बाहेरचा भागही आत जाऊन तापतो.

तणाचं बी? वर पडलेलं जळतं. मातीत मिसळलेलं उगवतंच.

आता पिवळेपणाचा मुद्दा. हा अनुभव खोटा नाही, आणि त्यामुळेच लोक काडी ओढतात. काडात कर्बाचं (कार्बनचं) नत्राशी प्रमाण साठास एक, ऐंशीस एक असं असतं. इतका कर्ब पचवायला जिवाणूंना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं उचलतात आणि कोवळं पीक उपाशी राहतं. टनामागे ही तूट अंदाजे ७ किलो नत्राची, म्हणजे १५ किलो युरियाची. तेव्हा काडाचे चार बोटांएवढे तुकडे करा, सगळीकडे सारखे पसरा, त्यावर हा युरिया टाका आणि लगेच मातीत मिसळा. वर उघडा राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. वाफसा टिकेल इतकी ओल ठेवा. कोरड्या मातीत काही कुजत नाही, चिखलात कुजताना मुळांना घातक वायू होतात. पेरणीआधी तीन-चार आठवडे मिळायला हवेत. खोल नांगरून काडाचा एकच जाड थर गाडू नका, तो तसाच पडून राहतो.

एवढा अवधी नसेल तर काड गाडूच नका. ओळींच्या मधे पसरा. पृष्ठभागावरचं काड सावकाश कुजतं, मुळांच्या वाट्याचं नत्र फारसं ओढत नाही आणि ओल धरून ठेवतं.

राहिली जुन्या माणसांची गोष्ट. फिरत्या शेतीत ते जाळत, पण एक-दोन पिकं घेऊन ती जागा वर्षानुवर्षं पडीक सोडत. झाडोरा वाढून कार्बन परत येई. दरवर्षी त्याच रानात पीक आणि दरवर्षी त्याच रानात आग, ही त्यांची रीत नव्हती.