चौदा आणे तयारी

गावात एखाद्याला ‘कॉम्प्युटर येतो’ असा बोभाटा झाला की त्याची सुटका नसते. देवगड तालुक्यातल्या आमच्या आंबा बागायतदारांच्या गटात हा मान माझ्याकडे आहे. पूर्वी प्रिंटर अडला की बोलवायचे, आता प्रेझेंटेशनला बोलवतात. कधी मुंबईच्या खरेदीदारांसमोर ऑनलाइन, कधी बागायतदारांसमोर देवळाच्या सभामंडपात.

गाय कावासाकी नावाच्या, एकेकाळी ॲपलमध्ये असलेल्या गृहस्थांनी २००५ मध्ये एक नियम सांगितला: स्लाइड १०, मिनिटं २०, अक्षर ३० पॉइंटच्या खाली नको. भला माणूस. त्यांची आमच्या अध्यक्षांशी गाठ पडलेली नाही. गटाचं नुसतं नाव ३० पॉइंटमध्ये टाइप केलं की पहिली स्लाइड भरते. मग श्रद्धांजली, कार्यकारिणी, हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, अध्यक्षांच्या सत्काराचा फोटो. दहावी स्लाइड येते तेव्हा आंबा अजून झाडावरच असतो.

दरांचा तक्ता खजिनदार देतात. तोही युनिकोडच्या आधीच्या कुठल्यातरी फाँटमध्ये टाइप केलेला. त्यांच्या घरी ते शुद्ध मराठी असतं. माझ्या लॅपटॉपवर तेच उघडलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि मध्येच डॉलरचं चिन्ह. मी दाखवलं तर खजिनदारांचा चेहरा फुलला. म्हणाले, “डॉलर आला म्हणजे एक्स्पोर्टचं जमतंय!”

सभामंडप तीन बाजूंनी उघडा आणि बैठक एप्रिलच्या भर दुपारी, कारण सकाळी सगळे काढणीला. पुजाऱ्यांच्या ओटीवरून एक्स्टेंशन ओढायचं, पांढरी चादर बांधायची, मागून आणलेल्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीएचं भोक असतं आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआयचं, म्हणून कन्व्हर्टरसाठी स्टँडवर माणूस धाडायचा. एवढं करून चादरीवर दिसते ती चादरच. १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर पॉवरपॉइंट आलं तेव्हा ते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शिटा करण्याच्या कामाचं होतं, आणि तो प्रोजेक्टर उजेडातही दिसायचा. प्रगती ती हीच. तज्ज्ञ सांगतात, प्रश्न आला की ‘बी’ कळ दाबा, पडदा काळा होतो आणि श्रोते तुमच्याकडे बघतात. आमच्याकडे दाबली काय, न दाबली काय.

आणि प्रश्न शेवटी विचारायचे असतात हे इथे कुणी मान्यच केलेलं नाही. पहिला प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो: “कोणाचो रे तू?” मग आजोबांपर्यंत जावं लागतं. वाटेत कुणाची तरी जुनी हद्दीची भांडणं लागतात, ती ओलांडून मी साक्याच्या स्लाइडवर येतो. साका म्हणजे आंबा बाहेरून देखणा, पण कापला की कोयीभोवतीचा गर पांढुरका, आंबट, भेंडासारखा. तापलेल्या जमिनीची धग वर फळाला लागते, आणि फळ झाडावर जास्त पिकू दिलं की साका वाढतो. म्हणून आंबा चौदा आणे, म्हणजे सोळा आणे पूर्ण धरले तर दोन आणे कमी, तयार झाला की उतरवावा, काढलेला सावलीत ठेवावा, झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करावं. हे मी मन लावून सांगतो. श्रोत्यांतले एक जुने बागायतदार, आमचे आबा, शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, “ह्या आमका म्हायत हा. दर काय देतलंस ता सांग.”

भाषणही, माझ्या मते, चौदा आण्यांवरच उतरवावं. एक साहेब अख्खं भाषण घोकून आले होते. त्यांचा ओघ चालू असताना आबांनी कुणाला तरी हाक मारली, “पंखो लाव रे!” साहेब थांबले, वर बघितलं, आणि पुन्हा “आदरणीय व्यासपीठ” पासून सुरू झाले. सोळा आणे तयारी होती बिचाऱ्यांची. सुरुवात आणि शेवट पक्का असावा, मधले दोन आणे आबांसाठी मोकळे ठेवावेत.

ऑनलाइनचं दुःख उलटं. तिथे आबा नसतात. काळे चौकोन असतात, चौकोनात आद्याक्षरं. “माझा आवाज येतोय का?” या प्रश्नाला उत्तर नाही. बोलताना चेहऱ्यांकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघावं, म्हणजे समोरच्याला नजर दिल्यासारखं वाटतं, असं म्हणतात. मी भिंगाकडे बघतो. भिंग कधी मान हलवत नाही. मोबाइलची रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, फुल्ल मिळते, पण वारा असा की माइकमध्ये फक्त तोच बोलतो; देवगडात पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून घरातूनच, दार लावून.

परवाच्या मीटिंगलाही दार लावलं होतं. ग्रेडिंगची स्लाइड चालू होती, अर्धा तास झाला तरी पलीकडून हूं की चूं नाही. तेवढ्यात मासेवाली आली आणि आईने दारच उघडलं, “बांगडे घेव काय रे? ताजे आसत!”

एक चौकोन उजळला. मग दुसरा, मग सगळे. मुख्य खरेदीदार, ज्यांचा माइक बिघडलाय असं मी धरून चाललो होतो, स्वच्छ आवाजात म्हणाले, “बांगडे कसे दिले, विचारा जरा.”

मी विचारलं. आईने भाव पाडून घेतला, त्यांनी तो वाशीच्या भावाशी ताडून पाहिला, कुणीतरी तिरफळं घालावीत की नाही हा वाद काढला. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं संपून स्क्रीन गेली तेव्हा वाद तिरफळांच्या बाजूने झुकत होता. लगेच खरेदीदारांचा मेसेज आला: मीटिंग छान झाली, पुढची कधी?

ग्रेडिंगच्या पुढच्या सहा स्लाइड अजून शिल्लक आहेत. मासेवाली शुक्रवारी येते, तेव्हा मीटिंग शुक्रवारीच ठेवली आहे.