हिवाळी ग्रुप राइडमध्ये गारठा थांबल्यावर लागतो

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या सायकलवाल्या मंडळींसाठी हे लिहितोय. नोव्हेंबर ते मार्च क्लबच्या रविवारच्या राइडला जाणाऱ्यांसाठी, आणि त्यातही पुण्या-मुंबईहून आलेल्यांसाठी. जुलैत मुळशीपर्यंत भिजत जाऊन आलेल्या माणसाला वाटतं, पाऊस आपल्याला काय नवा! पण तिकडचा पाऊस 22-24 अंशांतला. भिजलात तरी पेडल मारत राहायचं, थांबलात तर टपरीवर चहा. इकडे 4-5 अंशांत भिजायचं असतं. ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने जाताना 5 अंशांची हवा अंगाला शून्याच्या आसपास लागते, आणि हा हिशोब कोरड्या कातडीचा. ओल्या अंगाचं विचारूच नका.

माझं मत असं की चालवताना सहसा कोणी फार काकडत नाही, काकडतात ते थांबल्यावर. एकाचं पंक्चर झालं की आठ जण ओल्या कपड्यांत रस्त्याकडेला उभे राहतात, आणि तिथून पुढे राइड बिघडते. म्हणून हिवाळी तयारी दोनच गोष्टींसाठी करायची: मागून चालवणारा कोरडा राहिला पाहिजे आणि गट कमीत कमी थांबला पाहिजे.

आधी मडगार्ड, कारण हट्ट सगळ्यात जास्त इथेच होतो. सीटखाली खोचायची ती प्लास्टिकची पट्टी फक्त तुमची पँट वाचवते. मागच्याच्या तोंडावर उडायचं ते उडतंच, आणि त्यात नुसतं पाणी नसतं. शेतातलं शेण, चिखल, रस्त्यावर टाकलेलं मीठ, सगळा काला. पूर्ण लांबीचं मडगार्ड लावा आणि त्याच्या खालच्या टोकाला फ्लॅप, म्हणजे लोंबती पट्टी, जोडा, टोक जमिनीपासून 8-10 सेंमीवर येईल असं. विकतची मिळते, पण दुधाच्या मोठ्या प्लास्टिक बाटलीची चपटी बाजू कापली तर फुकटात काम होतं. साधारण 7 सेंमी रुंद, 20-25 सेंमी लांब तुकडा, खाली थोडा पसरट. वरच्या टोकाला दोन भोकं, दोन झिप टाय, झालं. पुढच्या चाकालाही अशीच फ्लॅप लावा. ती तुमच्याच पायांसाठी, कारण बुटांत जाणारं पाणी मुख्यतः पुढच्या टायरवरून येतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात 5-6 मिमी तरी जागा हवी, नाहीतर चिखल भरून चाक घासतं. पुढच्या मडगार्डाच्या काड्या दाब आला की सुटणाऱ्या क्लिपच्याच घ्या. काटकी अडकली तर क्लिप सुटते, साध्या स्क्रूने आवळलेली असेल तर चाक जाम होऊन माणूस हँडलवरून पुढे जातो. फ्रेमला मडगार्डासाठी भोकं नसतील तर रबरी पट्ट्यांनी बांधायची लांब मडगार्डं मिळतात. तेही नको असेल तर सगळ्यांच्या मागे चालवा आणि तोंड वाकडं करू नका.

आता पंक्चर. हिवाळ्यात ती जास्त का होतात, याची दोन कारणं. एक, इथल्या शेतकऱ्यांना 1 मार्च ते 31 ऑगस्ट कुंपणाच्या झाडीला हात लावता येत नाही, पक्ष्यांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे सगळी छाटणी सप्टेंबर ते फेब्रुवारीत होते आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नचे काटे गल्लीबोळांतल्या रस्त्यांवर पडतात. दोन, ओलं रबर सहज कापलं जातं. पाणी वंगणाचं काम करतं, आणि चिल्टर्न्स किंवा नॉर्थ डाउन्स या लंडनजवळच्या टेकड्यांमधला फ्लिंटचा (गारगोटीसारख्या दगडाचा) धारदार तुकडा टायरमध्ये सरळ घुसतो. म्हणून हिवाळ्यात किमान 28 मिमीचे, पंक्चररोधक थराचे टायर. थोडे जड, थोडे मंद. चालतं. टायरमधला हवेचा दाब उन्हाळ्यापेक्षा 10 पीएसआयने कमी. (बर्फावर याचा काडीचा उपयोग नाही.)

पंक्चर झालं की आठही जणांनी भोवती उभं राहून सल्ले देऊ नयेत. एकाने चाक काढायचं, दुसऱ्याने काटा शोधायचा. बाकीच्यांनी नजरेच्या टप्प्यात हळूहळू वर-खाली चालवत राहायचं. घरी टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हशेजारी आणून ठेवा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये शोधायचं, दोन्ही बाजूंना बघायचं. काटा बहुतेक वेळा बाहेरून मोडलेला असतो, दिसत नाही. टायर त्या जागी उलटा वाकवा, टॉर्च मारा, आतून काळा ठिपका दिसेल. चिमट्याने ओढा. बधिर बोटं आत फिरवून शोधू नका, काच असली तर बोट कापतं आणि कळतही नाही. काटा न काढता नवी ट्यूब टाकली तर 2 किलोमीटरवर पुन्हा तेच.

नव्या ट्यूबमध्ये आधी तोंडाने हवा भरून तिला आकार द्या. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून बसवायला घ्या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग घट्ट वाटला तर टायर लिव्हरशी (टायर चढवायच्या पट्टीशी) कुस्ती खेळू नका. पूर्ण चाकभर टायर दाबून दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, तेवढ्यात आवश्यक ते दोन-चार मिमी सुटतात. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबा, ट्यूब कडेखाली अडकलेली असेल तर मोकळी होते. 28 मिमीला 16 ग्रॅमचं सीओटू काडतूस (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी) पुरतं, पण हातमोजा घालून धरा. हवा सुटताना धातूवर हिम जमतं आणि ओली कातडी त्याला चिकटते. सीओटू रबरातून लवकर झिरपतो, तेव्हा घरी आल्यावर साध्या पंपाने हवा भरा. पंपही बरोबर हवाच. ट्यूबलेसवाल्यांनो, ट्यूब तुम्हीही ठेवा. आणि ती घालायच्या आधी टायरमध्ये रुतलेले सगळे जुने काटे काढा. सीलंटने (टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने) लपवलेले चार-पाच तरी सापडतील.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. अंगाला लागून सुती काही नको. निओप्रीनचे बूटकव्हर घाला आणि टाइट्सची कड बूटकव्हरच्या बाहेरून घ्या. आत खोचली तर पायावरून ओघळणारं पाणी थेट बुटात. हातमोज्यांचे दोन जोड, दुसरा प्लास्टिक पिशवीत बंद. निघताना पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर पहिल्या चढावर आतून घामाने भिजाल.

गट सहा ते आठ जणांचा पुरे. 2022 पासून हायवे कोडही (इथली वाहतुकीची नियमावली) मोठ्या गटात दोन-दोनच्या जोडीने जायला स्पष्ट मुभा देतो, मागच्या गाडीला पुढे जाऊ देण्याचं भान ठेवून. ओल्यात पुढच्याच्या चाकापासून दीड-दोन मीटर आणि थोडं बाजूला राहा. रिम ब्रेक असेल तर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. कान टोपीखाली असतात, त्यामुळे पुढून आलेली आरोळी प्रत्येकाने मागे पोहोचवायची. 'कार अप' म्हणजे गाडी पुढून की मागून, हे क्लबागणिक बदलतं. निघण्यापूर्वी विचारून घ्या. मागचा दिवा लुकलुकता फक्त शेवटच्याचा, मधल्यांचे मंद आणि स्थिर.

कॅफे राइडच्या दोन-तृतीयांशावर, आणि शक्यतो चढाच्या पायथ्याशी. सरेतल्या बॉक्स हिल टेकडीच्या माथ्यावर चहा पिऊन ओल्या अंगाने झिगझॅग रोड उतरणं म्हणजे हौसेने हुडहुडी भरवून घेणं. पायथ्याशी थांबलात तर बाहेर पडताच चढ लागतो आणि पाच मिनिटांत अंग तापतं. वीस-पंचवीस मिनिटांत उठा. कोरडा बेस लेयर (अंगाला लागून घालायचा कपडा) बरोबर असेल तर तिथेच बदला.

लीडरने सगळ्यात गप्प माणसाकडे लक्ष ठेवावं. बडबड्या अचानक मुका झाला, सरळ रेषेत चालवता येईना, खाण्याच्या एनर्जी बारचं वेष्टन फोडता येईना, बोलणं जड झालं, तर त्याला जवळच्या पबमध्ये न्या. कोरडे कपडे, गोड चहा, फॉइलचं ब्लँकेट, मग टॅक्सी. कुडकुडणं थांबलंय पण माणूस गोंधळलेला आहे, तर वाट न बघता 999 या आणीबाणीच्या नंबरला फोन.

राइड रद्द करायचं आदल्या संध्याकाळीच ठरवा. पहाटेचं तापमान 3 अंशांच्या खाली आणि आकाश निरभ्र असेल, तर हवा शून्याच्या वर असूनही रस्ता गोठू शकतो. काउन्सिल मीठ टाकते ते मुख्य रस्त्यांवर. आपल्या आवडत्या अरुंद लेनवर, झाडांच्या सावलीत, शेतातून पाणी वाहून येतं तिथे काळा बर्फ (नजरेला न दिसणारा पातळ थर) तसाच असतो. अशा दिवशी साडेआठऐवजी दहाला निघा आणि अंतर कमी करा. 21 डिसेंबरला लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा उशिरा निघून नेहमीचे 100 किलोमीटर करायचा अट्टहास नको. मार्ग असा आखा की कुठूनही रेल्वे स्टेशन 10 किलोमीटरच्या आत असेल.